पवनबोगद्यात हवा चुंबकाने का ढकलायची?

धरमपेठकर: मी नागपूरला यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डीआरडीओने 2020 मध्ये हैदराबादला सुरू केलेल्या हायपरसॉनिक पवनबोगद्यात (स्थिर नमुन्यावरून वेगवान हवा सोडणाऱ्या चाचणीयंत्रात) मॅक 5 ते 12, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या 5 ते 12 पट, इथपर्यंतच्या चाचण्या होतात. हवा दाबून, तापवून नॉझलमधून सोडली की वेग मिळतोच. मग आयनीभूत (अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटल्याने विजेची वाहक झालेल्या) हवेला चुंबकक्षेत्र आणि विद्युतप्रवाहाने ढकलण्याची उठाठेव कशासाठी?

वायुपुत्र: मॅक आकडा आणि प्रत्यक्ष वेग यांत गल्लत होते आहे. हवा प्रसरणाने थंड झाली की ध्वनीचा वेग घटतो आणि मॅक आकडा आपोआप फुगतो. खऱ्या उड्डाणात, 30 किलोमीटर उंचीवर, मॅक 10 म्हणजे सेकंदाला सुमारे 3 किलोमीटर, आणि त्या वेगाच्या एक किलो हवेत साधारण 4.5 मेगाज्यूल गतिज ऊर्जा असते. ही सगळी ऊर्जा स्थिर हवेत आधीच भरायची, तर आदर्श वायूच्या हिशेबाने दाब जवळपास 500 वातावरण लागतो; मॅक 15 ला तो 7000 च्या वर जातो. इतकी तप्त, दाट हवा नॉझलच्या सर्वांत अरुंद भागातून, म्हणजे कंठातून, जाताना भिंत वितळवू लागते. चुंबकीय प्रवेगक ऊर्जा देतो तो कंठ ओलांडून आलेल्या हवेला, आणि सगळी मेख तिथेच आहे.

कोराडीकर: आयुष्य औष्णिक वीजकेंद्रात गेले, म्हणून थोडे वेगळ्या बाजूने सांगतो. 1980 च्या दशकात तिरुचिरापल्लीला याच तत्त्वावरच्या जनित्राचा प्रायोगिक संच उभारला गेला होता. त्यात तप्त वायू चुंबकक्षेत्रातून धावला की वीज निघते. इथे उलटे आहे, वीज देऊन वायू पळवायचा. वेग सेकंदाला 3000 मीटर आणि चुंबकक्षेत्र 2 टेस्ला असेल, तर हवेत मीटरला 6000 व्होल्टचे विरोधी विद्युतक्षेत्र उभे राहते. इलेक्ट्रोड 2 सेंटिमीटर अंतरावर असतील, तर पहिले 120 व्होल्ट त्याची बरोबरी करण्यातच जातात. समजा 180 दिले, तर दोन तृतीयांश शक्ती हवा ढकलायला लागते आणि एक तृतीयांश तिला नुसतीच तापवते. (इलेक्ट्रोडपाशी होणारी व्होल्टेजची घट यात धरलेली नाही.) व्होल्टेज कमी केले तर उष्णता घटते, परंतु प्रवाहही घटतो आणि नळी लांबवावी लागते.

धरमपेठकर: काका, पण 3000 केल्विनला हवा तरी कितपत वाहक असते?

कोराडीकर: जवळजवळ नाहीच. म्हणून पोटॅशियम किंवा सीझियमचे बीज, म्हणजे सहज आयनीभूत होणाऱ्या धातूचा थोडा अंश, मिसळतात. हवेत त्या तापमानाला सर्वांत सहज आयनीभूत होणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला 9.26 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तर पोटॅशियमला अवघे 4.34.

वायुपुत्र: आणि तेच मला खटकते. आकाराची वायुगतिकी तपासायला बीज फारसे आड येत नाही. पण स्क्रॅमजेटच्या (ध्वनीपेक्षा वेगाने वाहणाऱ्या हवेतच इंधन जाळणाऱ्या इंजिनाच्या) ज्वलनकक्षात पोटॅशियम मिसळलेली हवा सोडली, तर जळण्याची रसायनक्रियाच बदलण्याचा धोका असतो. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी कंठापलीकडच्या दाट हवेला इलेक्ट्रॉन शलाकेने ऊर्जा देण्याचा मार्ग धरला होता, त्यात बीज लागत नाही. ज्वलनाच्या चाचणीसाठी मी आधी तोच मार्ग तपासेन.