मदत हवी आहे : आईसाठी विमानात कुठली सीट घेऊ?

मंडळी, आम्ही ठाण्याचे, पुढच्या महिन्यात आईला घेऊन कोचीला चाललोय. विमान ए३२० आहे, सगळं इकॉनॉमीच, तीन-तीन सीटच्या रांगा. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाय फार वेळ दुमडून ठेवता येत नाही.

इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत पाय पसरायला मस्त जागा असते पण वेळ आली तर दार उघडू शकेल असा धडधाकट माणूसच तिथे बसवतात, म्हणजे तो विषय संपला. पहिल्या रांगेत समोर सीट नाही, पण पर्स सुद्धा वर टाकावी लागते आणि आईची औषधं, चष्मा, लिमलेटच्या गोळ्या सगळं त्या पर्समध्येच, दर दहा मिनिटांनी काहीतरी हवं असतं तिला!! शेवटची रांग टॉयलेटजवळ, शिवाय सीट मागे जात नाही, नकोच.

मला सी सीट बरी वाटतेय कारण पॅसेज उजव्या हाताला येतो, तोच पाय जरा बाहेर काढता येईल. पण ट्रॉली आली की? आणि पंखाजवळ हादरे कमी लागतात म्हणून तिथली घेऊ का पुढची, पटकन उतरता येईल अशी? गुडघ्यावाल्यांना घेऊन गेलेल्यांनी प्लीज सांगा, आज रात्री चेक-इन... सॉरी, सीट बुकिंग करायचंय.