मदत हवी आहे: किमो घ्यायची की नाही? उद्यापर्यंत सांगायचंय

पाऊलवाट:
ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले. स्तनातली गाठ १.८ सेंमी होती. काखेतल्या तीन गाठी काढल्या, तिन्ही स्वच्छ. एक डॉक्टर म्हणतात चार किमो घेऊन टाका, दुसरे म्हणतात कदाचित लागणारही नाही. किमोची तारीख धरून ठेवलीय, उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, घ्यावी का? 'सकारात्मक राहा' नको, ते सकाळपासून अकरा जणांनी सांगून झालंय.

जुनी_खिडकी:
ताई, मी सहा वर्षांपूर्वी चार टीसी (दोन औषधांची किमो) घेतल्या, तीन-तीन आठवड्यांनी. केस गेले, नखं काळी पडली, बोटांच्या टोकांना अजून कधीकधी मुंग्या येतात. तरी घेतल्याचं समाधान आहे. घेऊन टाका.

मोजपट्टी:
घेऊन टाका काय? सर्दीची गोळी आहे का ती?
धागाकर्ती, ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते) आणि हर-टू (गाठ वाढवणारं प्रथिन) काय आलंय? ग्रेड? वय? पाळी चालू आहे की बंद? हे कळल्याशिवाय इथलं सगळं अंदाजपंचे.

पाऊलवाट:
ईआर पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, ग्रेड २, वय ४९. प्लीज आता तरी सांगा.

मोजपट्टी:
मग ऑन्कोटाइप टेस्टबद्दल विचारलंत का? काढलेल्या गाठीच्या ब्लॉकवरच (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावर) होते, पुन्हा सुई नाही. २१ जीन तपासून ० ते १०० मध्ये स्कोअर देतात. तुमच्यासारख्या, म्हणजे काख स्वच्छ, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह बायकांवरच टेलर-एक्स हा मोठा अभ्यास झाला, निकाल २०१८ मध्ये आले. स्कोअर ११ ते २५ असेल तर हार्मोनच्या गोळ्यांच्या जोडीला किमो देऊन एकंदरीत जास्तीचा फायदा दिसला नाही. पण वय ५० किंवा कमी आणि स्कोअर १६ ते २५ असेल, तर थोडा दिसला. म्हणून वय विचारत होतो. पाळीचं अजून सांगितलं नाहीत.

रानवारा:
तो फायदा किमोचा, की किमोने पाळी बंद पडते त्याचा, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. माझ्या बहिणीला अंडाशयांचं काम थांबवणारं इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. किमो नाही. ठणठणीत आहे.

जुनी_खिडकी:
बहिणीचं वय नाही, स्कोअर नाही, आणि म्हणे ठणठणीत.

रानवारा:
तुम्ही तरी तुमचा कुठे सांगितलात?

निवांत:
केस वाचवायचे असतील तर कोल्ड कॅपची (डोकं गार ठेवणाऱ्या टोपीची) सोय आहे का विचारा. किमो सुरू व्हायच्या आधीपासून संपल्यावरही बराच वेळ डोक्यावर ठेवावी लागते, थंडी सहन व्हायला हवी. आणि पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवतात ती डबी) बसवूनच घ्या.

तिरकसराव:
चार किमोंसाठी पोर्ट? ऑपरेशनच्या बाजूचा हात सोडून दुसऱ्या हाताच्या शिरेतून होतं की.

निवांत:
शीर सापडत नाही म्हणून पाच वेळा टोचून घेतलंय का कधी? मग बोला.

आरोग्यमार्ग:
साखर पूर्ण बंद करा. गाठ उपाशी मरते. किमो हे विष आहे.

मोजपट्टी:
साखर खाल्ली नाही तरी यकृत ती तयार करून रक्तात सोडतंच. उपाशी राहील तो पेशंट. ॲडमिन, हा प्रतिसाद उडवा.

पाऊलवाट:
पोर्टचं कोणी विचारलं होतं?? असो. पाळी चालू आहे. फाईल काढून बसलेय. हर-टूच्या पुढे '२+' आहे आणि खाली 'इक्विव्होकल, फिश ॲडव्हाइज्ड'. ३+ असेल तरच पॉझिटिव्ह असं मी वाचलं होतं, म्हणून निगेटिव्ह लिहिलं.

रानवारा:
अहो, घोडं तिथेच अडलंय! २+ म्हणजे पॉझिटिव्हही नाही, निगेटिव्हही नाही. फिश ही हर-टूची पुढची टेस्ट करूनच ठरतं. पॉझिटिव्ह निघालं तर एवढ्या गाठीला सहसा किमो देतातच, सोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध, तेही साधारण वर्षभर. मग ऑन्कोटाइपचा प्रश्नच नाही. निगेटिव्ह आलं तरच मोजपट्टींचं वरचं सगळं लागू.

मोजपट्टी:
बरोबर. मी रिपोर्टचे शब्द मागायला हवे होते. एखादी टेस्ट बाकी आहे असं कोणी म्हणालं होतं का?

पाऊलवाट:
दुसरे डॉक्टर म्हणाले होते, 'एक टेस्ट बाकी आहे, ती येऊ दे.' मला वाटलं ती जीनची, म्हणजे ऐच्छिक असेल. घरचे म्हणाले वेळ घालवू नकोस, पसरेल.

जुनी_खिडकी:
अठरा दिवस म्हणजे उशीर नाही हो. साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू करतात. माझी छत्तिसाव्या दिवशी झाली. वरचं 'घेऊन टाका' मागे घेते, माझं हर-टू सरळ निगेटिव्ह होतं. फिशसाठी ब्लॉक पाठवलाय का तेवढं विचारा, आणि मधल्या दिवसांबद्दल डॉक्टरांशीच बोला.

पाऊलवाट:
आत्ता फोन केला. ब्लॉक तिथेच पडून आहे, माझी सही हवी म्हणून. सही कोणी मागितलीच नव्हती! उद्या सकाळी जातेय. डॉक्टरांनी किमो दहा दिवस पुढे घेतली, म्हणाले चालेल. फिश आलं की याच धाग्यावर टाकते.

निवांत:
जाताय तर पोर्टचंही विचारून या.