मदत हवी आहे: 'इनर सँक्टम'मधला हा निवेदक रेमंड की पॉल मॅक्ग्राथ?

नमस्कार मंडळी. जुन्या अमेरिकन रेडिओवरच्या रहस्य-भयकथा ऐकणारं इथे कुणी आहे का? हायमन ब्राउन यांची 'इनर सँक्टम मिस्ट्री' ही मालिका १९४१ ते १९५२ चालली. माझ्याकडे तिचे काही भाग आहेत, पण बऱ्याच फायलींवर ना तारीख, ना नाव. ते निवेदकानुसार लावायचे आहेत.

मला कळतं ते एवढंच: दार करकरत उघडतं आणि रेमंड एडवर्ड जॉन्सन 'रेमंड' म्हणून स्वागत करतो. आवाज मऊ, सावकाश, आणि प्रेतं-थडग्यांवरचे विनोद असे की हसावं की घाबरावं कळत नाही! १९४५मध्ये तो सैन्यात गेला आणि पॉल मॅक्ग्राथ आला. त्याने रेमंड हे नाव घेतलं नाही, तो नुसता 'होस्ट'.

अडचण लिप्टन चहाच्या भागांत येते. त्यात मेरी नावाची बाई चहाची जाहिरात करता करता निवेदकाला त्याच्या भीषण विनोदांबद्दल दटावते. (मला हे संवाद कथेपेक्षाही आवडतात.) पण मेरी दोघांबरोबरही आहे, त्यामुळे तिच्यावरून काळ ठरत नाही. सुरुवातच कापलेली असेल तर नुसत्या आवाजावरून दोघांना कसं ओळखायचं? शेवटच्या निरोपाच्या ढबीत काही पक्की खूण आहे का?

आणि रेमंडच्या काळातले, खरखर कमी असलेले भाग कुठे ऐकायला मिळतील तेही कृपया सांगा.