व्हर्निस आर्मर यांच्या भाषणांतून मुलींनी काय घ्यावे?

प्रश्न (कोथरूड): माझी भाची अकरावी विज्ञानला आहे. अमेरिकी मरीन कोरच्या माजी हेलिकॉप्टर वैमानिक व्हर्निस आर्मर यांची भाषणे ऐकून तिने वैमानिक व्हायचे मनावर घेतले आहे. अशा भाषणांचा प्रत्यक्ष उपयोग किती होतो?

उत्तर १: ताई, आर्मर आधी नॅशव्हिलमध्ये पोलीस सेवेत होत्या आणि पुढे २००३ मध्ये इराकच्या युद्धात सुपर कोब्रा हेलिकॉप्टर उडवून त्या अमेरिकेच्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी महिला लढाऊ वैमानिक ठरल्या, व्याख्याने त्यानंतरची. व्यासपीठावरच्या शब्दांना वजन येते ते या कष्टांमुळे, म्हणून भाचीला भाषणाइतकाच हा प्रवासही नीट वाचू द्या.

उत्तर २: उदाहरण आपल्या खडकवासल्यातही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर तिथल्या एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जिथे सैन्यदलांचे अधिकारी घडतात) दारे मुलींना उघडली, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यातील १७ जणी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवेच. गणित सोडू देऊ नका.

उत्तर ३: वैमानिकासाठी दृष्टीचे निकष कडक असतात, तेव्हा क्लासची फी भरण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून तिचे डोळे, रंगओळखीसह, तपासून घ्या.