ग्रामीण आरोग्य: सक्तीने धाडलेला डॉक्टर की गावातलीच आरोग्यसेविका?

मूळ मत
ग्रामीण भागाला डॉक्टर मिळावेत म्हणून पदवीनंतर वर्षभराची ग्रामीण सेवा सक्तीची करावी, या मागणीला माझा विरोध आहे. ज्याचे लक्ष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेकडे लागले आहे असा नवखा डॉक्टर वर्ष ढकलतो, गावाशी ओळख होते न होते तोच निघून जातो, आणि क्षयरोगाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाला नव्या माणसापुढे सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. त्यापेक्षा गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण द्यावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या प्रयोगात गावातल्या सेविका घरी जाऊन नवजात बाळाचे वजन करत, श्वास मोजत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता.

प्रतिसाद १
अभ्यास मान्य, निष्कर्ष अमान्य. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव औषधाने आटोक्यात आला नाही, तर बाई दोन-तीन तासांतही दगावू शकते. तिथे रक्त, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृहच लागते. शिवाय शहराला डॉक्टर आणि खेड्याला प्रशिक्षित शेजारीण, या वाटणीला समता म्हणायचे का?

मूळ लेखक
आपण दिलेले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. सक्तीने आलेला पदवीधर एकटा, रक्तसाठ्याशिवाय आणि भूलतज्ज्ञाशिवाय, त्या रात्री काय करणार? तोही चिठ्ठी लिहून रुग्णवाहिकेचीच वाट पाहणार.

प्रतिसाद २
सक्ती फसते ती बहुधा एकटीच राबवली जाते म्हणून. थायलंडने १९७०च्या दशकापासून सरकारी महाविद्यालयांतील वैद्यकीय पदवीधरांना ग्रामीण सेवा बंधनकारक केली. पण त्याच्या जोडीने दुर्गम भागासाठी विशेष भत्ता दिला, ग्रामीण भागात रुग्णालये उभारली आणि पुढे ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रवेशही सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० सालच्या शिफारशींतही ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी निवडण्यावर भर आहे, कारण असे डॉक्टर पुढे ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता अधिक असते. मूळ लेखकांनाही एक विचारावेसे वाटते: आरोग्यसेविकेच्या वेतनाचे काय? तिला ‘स्वयंसेविका’ म्हटले की पगार, रजा आणि निवृत्तिवेतन हे सगळे प्रश्न सोयीस्करपणे मिटतात. (सेवाभावाची अपेक्षा नेहमी सर्वांत कमी पैसे मिळणाऱ्याकडूनच का केली जाते, कोण जाणे.)

प्रतिसाद १, पुन्हा
एकट्या पदवीधराबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. मात्र त्यातून सक्तीच नको असे निघत नाही, ती चुकीच्या माणसावर टाकली जाते एवढेच निघते. सेविका रुग्णाला वेळेत पाठवील; पण ती ज्या रुग्णालयात पाठवील तिथे मध्यरात्री भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असायला हवेत. सार्वजनिक पैशावर पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांना आळीपाळीने, निवासाची सोय आणि वाढीव भत्ता देऊन, तिथे पाठवणे हाच सक्तीचा योग्य उपयोग आहे. त्याला आपली हरकत असेल तर कारण अवश्य लिहावे.