गणित आणि प्रोग्रॅमिंगचा पहिला वर्ग

ज्यांचे गणित पक्के आहे त्यांना प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम आपोआप सोपा जातो, हे मत मला अर्धेच पटते. तर्काची सवय उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु मी सध्या हाच अभ्यासक्रम शिकत असून आमच्या वर्गात गणितात हुशार असलेलेच विद्यार्थी सर्वांत आधी अडखळले, ते 'क्ष = क्ष + १' अशा अर्थाच्या ओळीवर. समीकरण म्हणून ही ओळ अशक्य आहे. संगणकासाठी मात्र ती आज्ञा आहे, म्हणजे उजव्या बाजूची किंमत आधी काढायची आणि मग ती डावीकडच्या नावाखाली साठवायची. हा घोळ टाळण्यासाठी अल्गॉल ६० आणि पुढे १९७० मधील पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी त्यासाठी ':=' हे वेगळे चिन्ह वापरले होते, पण १९५७ च्या फोर्ट्रानमधले साधे '=' सी, जावा आणि पायथनमध्येही टिकून राहिले.

मला खरी मदत झाली ती कागदावर तक्ता आखून, प्रत्येक ओळीनंतर कोणत्या चलाची (म्हणजे ज्या नावाखाली किंमत साठवतो त्याची) किंमत काय झाली हे लिहीत जाण्याची. दोन चलांच्या किमतींची अदलाबदल करताना 'क = ख' आणि लगेच 'ख = क' लिहिले, तर क ची जुनी किंमत पहिल्याच ओळीत पुसली जाते आणि म्हणून तिसरे, तात्पुरते चल लागते, हे त्या तक्त्यात लगेच दिसते. हा सराव शिक्षकांनी अगदी सुरुवातीलाच करून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.