उत्तर: नुसतं डावीकडेच वळायचं ना?

वर एकांनी विचारलंय की नॅस्कारच्या (अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या) लंबगोल ट्रॅकवर नुसतं डावीकडेच वळायचं तर त्यात शिकायचं काय! अहो, खरी मेख सरळ पट्टा संपतो तिथे आहे. वळणात शिरण्याआधीच रेसवरचा पाय अलगद उचलायचा, गाडी आतल्या कडेला उतरू द्यायची आणि बाहेर पडताना हळूहळू रेस देत भिंतीकडे मोकळी सोडायची. नवखा माणूस नेमका वळणाच्या मध्यात घाबरून पाय काढतो. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते.

डेटोनाच्या मोठ्या ट्रॅकवर वळणांना आतल्या बाजूला ३१ अंशांचा उतार, त्यामुळे ट्रॅकच गाडीला धरून ठेवतो. मार्टिन्सव्हिलच्या लहान ट्रॅकवर जेमतेम १२, तिथे ब्रेकची परीक्षा. शिकायला मला लहान ट्रॅकच बरा वाटतो. वेग कमी, आणि चुकलं की लगेच कळतं.

बाकी दार उघडत नाही, खिडकीतून आत शिरायचं (पोट सुटलेल्यांनी आधी सराव करावा!). स्टीअरिंग बसल्यावर लावतात. स्पीडोमीटर नसतो, आरपीएमच्या काट्यावर भागवायचं. हेल्मेटला जोडलेलं मान सावरणारं उपकरण मात्र नीट बसवून घ्या. नॅस्कारने २००१ मध्ये ते सक्तीचं केलं, उगाच नाही.